आंब्वाझ : अमीर अब्दुल कादिर यांच्या कैदेचे गाव

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठी, तूर शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आंब्वाझ नावाचे छोटे गाव आहे. वस्ती जेमतेम तेरा हजारांची. नदीवर पूल, मध्ये एक बेट, काठाला जुनी घरे आणि त्या सगळ्यांच्या वर उभा पांढऱ्या दगडाचा राजवाडा. वाड्याच्या बुरुजात पायऱ्यांऐवजी गोल फिरत जाणारा चढ आहे. घोडेस्वारांना नदीकाठावरून थेट वरच्या अंगणात जाता यावे म्हणून तो बांधला गेला. चित्रकार लिओनार्दो दा विंची १५१९ मध्ये याच गावात वारला. इथे येणारे बहुतेक प्रवासी त्याच्यासाठीच येतात.

परंतु वाड्याच्या बागेत एका बाजूला दगडांच्या साध्या रांगा दिसतात, तिथे आपली पावले थांबतात. हे २५ दगड अलेप्पोहून आणलेले आहेत. अल्जेरियाचे कलावंत रशीद कुरैशी यांनी २००५ मध्ये ही जागा घडवली. अमीर अब्दुल कादिर यांच्याबरोबर कैदेत आलेली जी माणसे या परक्या मातीत दफन झाली, त्यांची ही आठवण आहे. त्यांत स्त्रियाही होत्या, लहान मुलेही होती.

अमीर अब्दुल कादिर यांचा जन्म १८०८ मध्ये अल्जेरियातील मस्कराजवळ झाला. घराणे सूफी परंपरेचे, शिक्षण कुरआन व हदीसचे. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीअर्स घेतले आणि १८३२ मध्ये कबील्यांनी या तरुण आलिमाच्या हाती बैअत केली. पुढची पंधरा वर्षे त्यांनी युरोपातल्या एका बलाढ्य फौजेशी झुंज दिली. त्या धामधुमीतही कैद्यांना माणुसकीने वागवण्याचा त्यांचा दंडक होता. अल्जीअर्सचे बिशप द्युप्यूश यांनी १८४१ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीसाठी त्यांच्याशी बोलणी केली, ती यशस्वी झाली आणि हा ख्रिस्ती धर्मगुरू त्यांचा कायमचा चाहता बनला.

२३ डिसेंबर १८४७ रोजी अमीर यांनी जनरल लामोरिसिएर याच्यापुढे शस्त्र खाली ठेवले. अट एकच होती : आपल्याला कुटुंबासह अलेक्झांड्रिया किंवा अक्का येथे जाऊ द्यावे. जनरलने लेखी शब्द दिला, राजपुत्र ओमाल याने त्यावर मान्यता दिली. तरीही जहाज पूर्वेकडे गेले नाही, ते फ्रान्सच्या तूलाँ बंदराला लागले. दोन महिन्यांत पॅरिसमध्ये क्रांती होऊन राजा पळाला. नव्या प्रजासत्ताकाने जुन्या सरकारचे वचन आपल्याला बंधनकारक नाही, अशी भूमिका घेतली. फ्रान्समध्येच राहा, जहागीर देतो, असे सांगून पाहिले गेले. अमीर यांनी नकार दिला. वचन विकायला काढले की ते वचन राहत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

तूलाँहून पो आणि पोहून नोव्हेंबर १८४८ मध्ये आंब्वाझ. उन्हाच्या देशातली माणसे ल्वारच्या थंड, ओलसर हवेत आजारी पडू लागली. वाड्यात पाच वेळची नमाज होत होती, मुलांचे शिक्षण चालू होते, अमीर यांचे वाचन-लेखन चालू होते आणि अधूनमधून एखादा जनाजाही उठत होता. बिशप द्युप्यूश गप्प बसले नाहीत. अमीर यांच्या सुटकेसाठी त्यांनी १८४९ मध्ये पुस्तक लिहिले आणि ते राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियन यालाच अर्पण केले.

१६ ऑक्टोबर १८५२ हा आंब्वाझच्या इतिहासातला मोठा दिवस. दक्षिणेचा दौरा आटोपून परतणारा लुई नेपोलियन वाड्यात आला आणि त्याने अमीर यांना सुटकेचा निर्णय कळवला. चित्रकार तिसिए याने या प्रसंगाचे भव्य चित्र १८६१ मध्ये काढले. त्यात अमीर यांच्या वृद्ध मातोश्री लुई नेपोलियनचा हात हाती घेऊन कृतज्ञता व्यक्त करताना दाखवल्या आहेत. चित्र पाहणाऱ्याला वाटते, केवढा हा उपकार! परंतु त्या दिवशी अमीर यांना जे मिळाले, ते पाच वर्षांपूर्वीच त्यांना लिहून दिलेले होते. चित्रे बहुधा विजेत्यांच्या पैशातून निघतात. पाहताना एवढे ध्यानात ठेवावे.

यानंतर कालचा कैदी पाहुणा झाला. पॅरिसमध्ये त्यांचे समारंभपूर्वक स्वागत झाले, रस्त्यांवर त्यांना पाहायला गर्दी लोटली. फ्रान्सविरुद्ध पुन्हा शस्त्र उचलणार नाही, असा लेखी शब्द अमीर यांनी स्वतः होऊन दिला. ११ डिसेंबर रोजी त्यांनी आंब्वाझ सोडले. पुढच्याच वर्षी, मागे राहिलेल्या मृतांसाठी वाड्याच्या बागेत एक स्मारक उभे राहिले.

अमीर यांनी आपला शब्द अखेरपर्यंत पाळला. आधी बुर्सा आणि १८५५ पासून दमिश्क येथे ते राहिले. जुलै १८६० मध्ये दमिश्कमध्ये ख्रिस्ती वस्तीवर जमाव चालून गेला, तेव्हा अमीर आपल्या अल्जेरियन साथीदारांसह रस्त्यावर उतरले. हजारो ख्रिस्ती स्त्री-पुरुषांना त्यांनी आपल्या घरी आणि किल्ल्यात आश्रय दिला. ज्या फ्रान्सने त्यांना कैदेत ठेवले, त्याच फ्रान्सने त्यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी पिस्तुलांची जोडी भेट पाठवली. त्याच अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या टर्की नदीकाठी १८४६ मध्ये वसलेल्या एका गावाने आपले नाव 'एल्कादेर' ठेवले होते. अमीर तिथे कधी गेले नाहीत, पण नाव आजही टिकून आहे. १८८३ मध्ये दमिश्कमध्ये त्यांचा इंतकाल झाला. १९६६ मध्ये त्यांचे अवशेष स्वतंत्र अल्जेरियात नेण्यात आले.

आंब्वाझमध्ये मात्र ही आठवण अजून सुखाने नांदत नाही. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथे अमीर यांच्या शिल्पाचे अनावरण व्हायचे होते. मिशेल ओदियार या शिल्पकाराने लोखंडी पत्र्यात त्यांची आकृती कोरली होती. अनावरणाच्या काही तास आधी कोणीतरी शिल्पाची मोडतोड केली. गावाने समारंभ रद्द केला नाही. मोडलेल्या शिल्पासमोरच तो ठरल्या वेळी पार पडला.

त्या गावकऱ्यांचे हे वागणे दाद देण्यासारखे आहे. वचनाबद्दल जाब विचारला जाईल, असे कुरआनने बजावले आहे. एका राज्याने लेखी करार मोडला आणि एका कैद्याने, आपल्याशी दगा झालेला असूनही, स्वतःचा शब्द मोडला नाही. फ्रान्सला जाण्याचा योग आला तर आंब्वाझचा राजवाडा जरूर पाहावा. लिओनार्दोची कबर पाहून झाली की बागेतल्या त्या २५ दगडांपाशीही जावे आणि घरापासून इतक्या दूर विसावलेल्यांसाठी दोन शब्द दुआचे म्हणावेत.