शू लागली, हे कोणत्या भाषेत सांगायचं?

तीन वर्षांचं मूल बालवाडीत नवीन येतं तेव्हा त्याला लागणारे शब्द मोजके असतात. शू लागली. पाणी पाहिजे. दुखतंय. आई कुठाय. ह्यानं मारलं. हे शब्द समजणारं माणूस त्या खोलीत असलं की मूल थोड्याच दिवसांत रुळतं. नसलं, तर ते चड्डीत शू करतं, रडतं आणि मग कोपरा धरून गप्प बसतं. गप्प बसलेल्या मुलाला ‘शांत आहे हो, काही त्रास नाही’ म्हणून आपण मोठी माणसं फार लवकर निश्चिंत होतो.

पुण्याच्या कडेकडेनं नव्या इमारती उठतायत, त्यांच्या पायाशी पत्र्याच्या खोल्यांमधून राहणाऱ्या कुटुंबांची मुलं पाहिली की हे फार जाणवतं. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी बंगाली, कुणाच्या घरी छत्तीसगढी. कुणी बीडकडचं, मराठीच बोलणारं, पण तीही शहरातल्या ताईच्या कानाला नवीन. जवळच्या अंगणवाडीतल्या ताईला मराठी येते आणि कामापुरती हिंदी. ताई मायाळू असते, कष्टाळू असते. पण समोर वीस-पंचवीस मुलं, मदतीला एक मदतनीस, भरायला रजिस्टरं आणि मोबाईलवरची माहिती. रडणारं मूल काय म्हणतंय हे तिला कळत नाही, आणि कळलं नाही हे त्या मुलाला मात्र नेमकं कळतं.

बालवाडीत अनेक संस्कृतींची मुलं एकत्र आली की काय करायचं, याचं आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे वेशभूषेचा कार्यक्रम. सव्वीस जानेवारीला एक मूल फेटा बांधून येतं, एक मुलगी नऊवारीत, एक पंजाबी होतो, आणि कुणाच्या तरी डोक्यात पिसं खोचून, गालावर पांढरे ठिपके काढून त्याचा ‘आदिवासी’ केला जातो. महाराष्ट्रातल्या कुठल्या जमातीत तसा वेश आहे, हे कुणी विचारत नाही. त्याच वर्गात एखादं वारली किंवा कातकरी मूल बसलेलं असेल तर त्यानं हे बघून काय समजायचं? अमेरिकेत लुईस डर्मन-स्पार्क्स या बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८९ साली शिक्षकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात अशा प्रकाराला पर्यटकी अभ्यासक्रम म्हणून बजावलं होतं: सणावारी दुसऱ्याच्या संस्कृतीत एक फेरी मारायची, त्यांचा पदार्थ चाखायचा आणि दुसऱ्या दिवशी आपल्या नेहमीच्या वर्गात परत यायचं. मुलाला खोलवर शिकवतो तो नेहमीचा वर्ग. भिंतीवर कुणाची चित्रं आहेत, डब्यात काय आणलेलं चालतं, कुणाच्या बोलण्याला हसतात, हे त्याला रोज दिसत असतं.

‘लहान मुलांना कुठं भेद कळतात’ हे वाक्य मला मनापासून खोटं वाटतं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांचा १९८४ सालचा प्रयोग मराठी वाचकाला तर खास ओळखीचा वाटावा, कारण त्यातले आवाज आपले आहेत. हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ त्यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना त्यांतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळपास कळेनासा झाला होता. पहिल्या वाढदिवसाच्या आतच कान घरच्या बोलीला बांधला जातो. आणि २००७ साली कॅथरीन किंझलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पाच वर्षांची मुलं मित्र निवडताना आपल्या भाषेत, आपल्या हेलात बोलणाऱ्याकडे झुकतात. म्हणजे मूल अंगणवाडीत पाऊल टाकतं तेव्हा आपलं कोण आणि परकं कोण याचा हिशेब त्याच्या कानात सुरू झालेला असतो. तो पुढं कसा वळेल, हे बऱ्याच अंशी समोरच्या मोठ्या माणसावर आहे. समोरची ताई जे बोल आपले मानते, ते हळूहळू वर्गातली सगळी मुलं आपले मानायला लागतात.

इथं ताराबाई मोडकांची आठवण मला टाळता येत नाही, आणि टाळूही नये. मराठी बाई, पण बालशिक्षण शिकल्या ते गुजरातेत, भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत, बालशिक्षक गिजुभाई बधेकांच्या बरोबरीनं काम करत. दुसऱ्या भाषेच्या अंगणात राहून तिथल्या मुलांशी बोलायची सवय त्यांना आधीपासून होती. १९२६ साली त्यांचा नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय वाटतो तो १९४५ सालचा: शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांचं बालमंदिर मागं ठेवून पन्नाशी ओलांडलेल्या ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावात गेल्या. बालविधवा असलेल्या, शिक्षिका म्हणून काम केलेल्या अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. माँटेसरीची महागडी साधनं तिथं परवडणार नव्हती; शंख-शिंपले, गोटे, बिया, पानं, काड्या ही साधनं झाली. आणि गावातल्या मुख्य बालवाडीत दलित वस्तीतली मुलं येत नाहीत असं दिसलं तेव्हा ताराबाईंनी बालवाडी उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. मुलं येत नाहीत म्हणून आईबापांना दोष देणं किती सोपं होतं! पुढं १९५०च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारल्यांच्या पाड्यांमध्ये. तिथली मोठी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळा कुरणात भरवली गेली. त्या कुरणशाळेचं मोल मला फार वाटतं. ज्या वेळापत्रकात मुलाच्या घरच्या कामाला जागा नाही, त्या वेळापत्रकात त्याच्या घरालाही जागा नसते.

तरी या कामाकडे नुसतं भारावून बघणं मला पुरेसं वाटत नाही. सुरुवातीच्या त्या बालवाड्यांतून ताई मुलांना आंघोळ घालत, नखं कापत, केस विंचरत. खरूज, उवा, घाण पाणी हे त्या काळी खरंच मुलांचे शत्रू होते, आणि परक्याच्या लेकराला स्वतःच्या हातानं न्हाऊ घालणं ही साधी गोष्ट नव्हे, तेही वरच्या जातीतल्या बायकांनी आणि त्या काळात. पण त्या आंघोळीतून मुलाला दोन गोष्टी एकदम कळत असणार: ही बाई माझ्या अंगाला हात लावते, आणि मी जसा आलो तसा चालत नाही. दोन्ही खऱ्या आहेत. १९४५ सालीच, त्याच परिसरात, किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीनं वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी ‘आता नाही’ म्हणत होते. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ आणि गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ही दोन पुस्तकं मी बालवाडीच्या प्रत्येक प्रशिक्षणात शेजारीशेजारी वाचायला सांगीन. पाड्यावरचं मूल कोरं नसतं, रिकामंही नसतं. त्याच्या घरात त्या वेळी काय चाललंय हे ताईला ठाऊक हवं.

१९७५ साली दोन ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. त्या योजनेतला एक साधा नियम मला तिचा कणा वाटतो: सेविका त्याच गावची हवी. त्यामुळे मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडच्या कोरकू गावात सेविका बहुधा कोरकू असते, भामरागडकडे माडिया, नंदुरबारच्या डोंगरात भिल्ल किंवा पावरा. कोरकू मुंडा कुळातली, माडिया-गोंडी द्राविडी कुळातली, भिली आपल्या मराठीच्या घराण्यातली. एका राज्याच्या अंगणवाड्यांत तीन भाषाकुळं नांदतात, आणि ती बोलणारी बाई आपण आधीच नेमलेली आहे. इतकी मोठी सोय हाताशी असताना आपण तिचं काय करतो? तिला प्रशिक्षण मराठीतून देतो, पुस्तकं-तक्ते मराठीत देतो, पर्यवेक्षिका भेटीला आली की मुलांकडून मराठी बडबडगीत म्हणून घेतो. मग ती बिचारी मुलांना जेवू घालताना, शांत करताना, रागावताना आपल्या भाषेत बोलते, आणि ‘शिकवताना’ मात्र मराठीत जाते. पाहुणे आले की तर अगदी सावरून बसते. अशा ताईंना मी प्रशिक्षणात घरचे पाळणे, घरच्या गोष्टी म्हणायला सांगते, तेव्हा पहिला प्रतिसाद बहुतेक वेळा लाजण्याचा असतो: ‘ते कुठं शिकवायचं असतं, मॅडम?’ मग एक जण सुरू करते, दुसरी तिची ओळ दुरुस्त करते, कुणी ‘आमच्याकडे असं म्हणतात’ म्हणते, आणि जेवणाची सुट्टी झाली तरी कुणी उठत नाही.

घरच्या भाषेला बालवाडीत जागा देण्याचं काम न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांनी नेमकं उलट टोकानं केलं. त्यांची भाषा बोलणारी पिढी म्हातारी होत चालली होती, नातवंडं इंग्रजीत वाढत होती. १९८२ साली वेलिंग्टनजवळच्या वैनुईओमाटात त्यांनी पहिलं ‘कोहांगा रेओ’ उघडलं आणि तिथं मुलांना सांभाळायला भाषा जाणणारी वडीलधारी माणसं बसवली. खाणं, झोपवणं, खेळणं, दटावणं सगळं माओरीतून. पदवी नसलेली आजी तिथली मुख्य शिक्षिका झाली. थोड्याच वर्षांत अशी शेकडो केंद्रं झाली, आणि १९९६ साली त्या देशानं बालशिक्षणाचा जो अभ्यासक्रम काढला तो माओरी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांचा पाया धरून. तिथल्या आज्यांना जो मान मिळाला तो आपल्या सेविकेला का मिळू नये?

शहरातला प्रश्न वेगळा आहे, हे मान्य. एका खोलीत पाच भाषा असतील तर पाच ताया कुठून आणायच्या? आणि आई काय म्हणते तेही ऐकायला हवं. कितीतरी आया सांगतात, ‘आमची भाषा घरी आहेच की, इथं मराठी-इंग्रजी शिकवा, नाहीतर उद्या शाळेत कसं टिकणार.’ त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. मजुराच्या मुलाला शहराची भाषा मिळालीच पाहिजे. ती नाकारणं हा अन्याय होईल. पण घरची भाषा काढून घेऊन शाळेची देता येत नाही. घरच्या भाषेत जे मूल गोष्ट सांगायला शिकलं, तेच दुसऱ्या भाषेत ती पुन्हा सांगू शकतं. म्हणून ताईनं पाचही भाषा शिकाव्यात अशी अपेक्षा नको. वर लिहिलेले ते पाच-सहा शब्द प्रत्येक भाषेत शिकावेत, प्रत्येक आईकडून विचारून, आणि आईच्या समोरच म्हणून बघावेत. आपलं लेकरू इथं सांभाळलं जाईल हे आईला त्या क्षणी कळतं. एक भाषा बोलणारी दोन मुलं शेजारी बसवावीत. ती एकमेकांची दुभाषी होतात. आठवड्यातून एकदा कुणाची तरी आजी गोष्ट सांगायला यावी आणि ती गोष्ट सगळ्यांना समजली नाही तरी चालेल. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत राजघाटच्या बांधकामावर मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर उघडलं तेव्हा इमारतीच्या जागेवर, धुळीत, तंबूत मुलांची शाळा भरू शकते हे त्यांनी करून दाखवलं होतं. जागेची अडचण ही सबब तेव्हापासून संपली आहे.

आणि जेवण. जात, धर्म, प्रांत हे सगळं चार वर्षांच्या मुलापर्यंत जिभेवरून पोचतं. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी मिळतात, अंडं न खाणाऱ्याला केळी. योजना चांगली आहे. पण शहरात एका मुलाच्या डब्यात सुकट निघाली आणि शेजारच्यानं नाक दाबून ‘शी!’ म्हटलं, तर तिथं ताईचा चेहरा काय सांगतो, यावर बरंच काही ठरतं. तिनंही तोंड वाकडं केलं तर त्या मुलानं आपल्या आईच्या हातच्या जेवणाची लाज शिकली. ‘वास वेगळा आहे ना? याच्या आईनं केलंय. तुझ्याकडे काय केलंय आज?’ असं ती सहज म्हणाली तर दोघांनी काही वेगळंच शिकलं. हे कुठल्याही तक्त्यावर छापता येत नाही.

हे इतकं सगळं ज्या बाईकडून मागायचं तिला आपण पगार देत नाही, ‘मानधन’ देतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीवरचा हक्क मान्य केला. त्यानंतरही डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविकांना आपल्या मागण्यांसाठी संपावर जावं लागलं. पोषण ट्रॅकर, सर्वेक्षणं, लसीकरण, गरोदर बायांच्या नोंदी हे सगळं आटोपून उरलेल्या वेळात ती मुलांची ताई असते. माझी मागणी अगदी ठोस आहे. सेविकेचं प्रशिक्षण तिच्या भाषेतून व्हावं. तिच्या भागातली गाणी, पाळणे, कोडी, गोष्टी गोळा करायचं काम तिलाच द्यावं आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत. पर्यवेक्षिकेच्या भेटीच्या नोंदीत ‘मुलं घरच्या भाषेत बोलली का’ हा रकाना असावा. आणि शहरातल्या वस्तीत दुसरी मदतनीस नेमायची वेळ येईल तेव्हा त्या वस्तीतलीच, मराठीखेरीज तिथली एखादी भाषा बोलणारी बाई नेमावी. यासाठी नवा कायदा लागत नाही; सेविका त्याच गावची असावी हा पन्नास वर्षांपूर्वीचा नियम शहरातही मनावर घेतला तरी पुरे.