रिलेच्या अंगावरची रेखाकृती

मोटारीच्या फ्यूज बॉक्सचे झाकण काढले म्हणजे आत ओळीने बसलेल्या ज्या काळ्या चौकोनी डब्या दृष्टीस पडतात, त्या इतक्या एकसारख्या असतात की एकीच्या जागी दुसरी बसवून मोकळे व्हावे, असा मोह केवळ नवशिक्यालाच नव्हे, तर घाईत असलेल्या मुरब्बी वायरमनलाही होतो; आणि दुर्दैव असे की ती बसतेही. खाचेत बसली ती योग्य, ही समजूत आमच्या व्यवसायात जितकी रूढ तितकीच घातक आहे, आणि मोटारींच्या विजेच्या कामात उभी हयात गेलेल्या माणसाला तिच्याविरुद्ध लिहिणे अगत्याचे वाटते.

रिलेच्या कारभारात हुकूम सोडणारे खाते वेगळे आणि त्याचा अंमल करणारे वेगळे. 85 व 86 या पिनांमध्ये बारीक तारेची कॉइल असते; 12 व्होल्टच्या गाडीत तिचा रोध साधारण 90 ओहमच्या आसपास, म्हणजे प्रवाह अवघा 0.13 अँपिअर. एवढ्याशा प्रवाहाने उत्पन्न झालेले चुंबकत्व आतील लोखंडी पट्टी ओढून 30 व 87 यांचा संयोग घडविते, आणि त्या वाटेने हेडलॅम्पचे दहा अँपिअर निर्वेधपणे जातात. जर्मनीच्या डीआयएन 72552 या मानकाने ठरविलेले हे अंक आहेत; त्यात 30 म्हणजे बॅटरीचा थेट करंट, 31 म्हणजे अर्थ, 15 म्हणजे चावी फिरविल्यावर मिळणारा करंट. जपानी घडणीच्या रिलेवर मात्र पुष्कळदा 1, 2, 3, 5 असेच अंक आढळतात. म्हणून माझी भिस्त अंकांपेक्षा डबीच्या अंगावर छापलेल्या त्या इवल्याशा रेखाकृतीवर अधिक; कॉइल कोठे, संपर्क कोठे, आणि विश्रांतीच्या स्थितीत तो उघडा की मिटलेला, हे सारे तीत असते, पण ती पाहण्याची तसदी फार थोडे घेतात.

पाचव्या, मधल्या पिनेचा घोटाळा तर मी जवळून पाहिलेला आहे. एका गाडीच्या धुक्याच्या दिव्यांपैकी डावा 87 वरून आणि उजवा मधल्या पिनेवरून घेतलेला होता, कारण मूळ रिलेत या दोन्ही पिना 87 च होत्या, म्हणजे रिले ओढला की दोहोंवर एकदम करंट येई. कोणीतरी तेथे दुसरा रिले बसविला, ज्याची मधली पीन 87ए होती. आणि 87ए ही रिले स्वस्थ असतानाच 30 शी जोडलेली असते. परिणामी बटण दाबले की डावा दिवा लागे व उजवा विझे, बटण सोडले की उजवा आपोआप उजळे, आणि 30 वर थेट बॅटरी असल्यामुळे चावी खिशात घालून मालक घरी गेला तरी तो जळतच राही. बॅटरी रात्रीत उतरे, आणि दोष बिचाऱ्या बॅटरीच्या माथी मारला जाई.

तो दोष निदान डोळ्यांना दिसत होता. चार पिनांच्या रिलेत 30 आणि 86 यांच्या जागा परस्पर बदललेला जो दुसरा प्रकार प्रचलित आहे, तो याहून कपटी. तो चुकून बसला तर बॅटरीचा थेट करंट कॉइलला मिळून रिले अष्टौप्रहर ओढलेला राहतो, आणि दिव्यांचा सगळा भार स्विचकडून येणाऱ्या त्या बारीक तारेवर पडतो, जी केवळ हुकुमापुरती घातलेली असते. दिवे बटणासरशी लागतात आणि विझतात, गिऱ्हाईक समाधानाने पैसे देऊन जाते, आणि तिकडे स्विचचे संपर्क व तारेचे आवरण हळूहळू भाजत असतात. काम चालू झाले एवढ्यावर काम बरोबर झाल्याचा निर्वाळा देऊ नये, असा माझा आग्रह आहे तो यासाठीच.

हॉर्नचा रिले काढून संशयित जागी लावून पाहण्याची युक्ती चांगली आहे. मात्र दोहोंवरील रेखाकृती, व्होल्टेज आणि अँपिअर यांची रुजवात घातल्यावरच. 24 व्होल्टचा ट्रकचा रिले बाहेरून तसाच दिसतो, पण 12 व्होल्टवर त्याची पट्टी धडपणे ओढलीच जाईल याचा भरवसा नाही. ज्यात कॉइलला डायोड जोडलेला असतो त्याच्या 85 व 86 उलट झाल्या तर डायोडमधून जवळजवळ शॉर्टच होतो आणि फ्यूज उडतो. टिक असा आवाज आला म्हणून रिले निर्दोष ठरत नाही; तो आवाज कॉइलचा दाखला आहे, संपर्काचा नव्हे, आणि संपर्काची परीक्षा भार चालू ठेवून 30 व 87 यांच्यामधील व्होल्टेजची घट मोजल्यावाचून होत नाही.

बसविण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी, सॉकेटमध्ये हिरवट गंज किंवा तपकिरी डाग आहे काय ते उजेडात पाहावे, आणि एक सुटी पीन प्रत्येक खाचेत घालून तिची पकड अजमावावी. पकड सैल असेल तर नवा रिलेही तेथे तापणार. तेव्हा आधी ते टर्मिनल बदलावे, मग डबी स्क्रूड्रायव्हरने न रेटता बोटांनी सरळ, तळाला टेकेपर्यंत दाबावी, आणि झाकणावरील नकाशात त्या जागेचे नाव पुसट झाले असल्यास ते शाईने पुन्हा लिहून ठेवावे.