साम्य आणि सांधा

जीवाश्म ओळखण्याच्या आमच्या कामात आकाराच्या साम्याला वाजवीपेक्षा जास्त मान मिळतो, असं माझं मत आहे. अनोळखी ठसा समोर आला की तो कशासारखा दिसतो हे आपण आधी विचारतो आणि तो कशाला जोडलेला होता हे नंतर. हा क्रम किती महागात पडतो, ते ब्रिटिश कोलंबियातल्या सुमारे ५०.८ कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी खडकांनी दाखवून दिलं आहे. १८९२ साली व्हाइटीव्ह्ज यांनी तिथला एक वाकडा, काटेरी, खंडाखंडांचा अवशेष कोळंबीसारख्या प्राण्याचं धड मानला आणि त्याला ॲनोमॅलोकॅरिस हे नाव दिलं. १९११ साली वॉलकॉट यांनी मधे भोक असलेल्या चकतीला जेलीफिश ठरवून पेटोइया म्हटलं, तर एका चपट्या देहाला समुद्रकाकडी. १९८५ साली व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी नमुने बारकाईने तपासले, तेव्हा कोळंबीचं धड हे भक्ष्य पकडायचं उपांग निघालं, चकती हे तोंड आणि समुद्रकाकडी हा त्याच घराण्यातल्या प्राण्याचा देह.

साम्य सोडलं तर ओळखायचं कशावरून, हा आक्षेप रास्त आहे. साम्य लागतंच, पण जुळणाऱ्या दहा खुणांपेक्षा न जुळणाऱ्या एका खुणेचं वजन जास्त धरायला हवं. त्या चकतीत ३२ तकटं आहेत, त्यांतली चार मोठी, आणि आतल्या कडेला दात. मऊ जेलीफिशला असे दात कुठून येणार?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: सांधाही फसवतो. गाळात दोन मृत जीव एकमेकांवर पडू शकतात. १९७८ साली कॉनवे मॉरिस यांनी देहावरच्या चकतीचा अर्थ तसाच लावला होता: स्पंजावर येऊन पडलेली जेलीफिश. एका शिळेपुरती ही शंका योग्यच. पण तोच अवयव त्याच जागी नमुन्यामागून नमुन्यात दिसू लागला की योगायोगाची बाजू लंगडी पडते. मात्र एका प्राण्यात सिद्ध झालेला सांधा त्याच्या भावकीला परस्पर लावू नये. ॲनोमॅलोकॅरिसचं स्वतःचं तोंड वेगळ्या घडणीचं आहे, हे डेली आणि बर्गस्ट्रोम यांनी २०१२ साली दाखवलं. ती ३२ तकटांची चकती पेटोइयाचीच.

म्हणून सुट्या तुकड्याच्या चिठ्ठीवर ‘खंडयुक्त उपांग, प्राणी अनिश्चित’ एवढंच लिहिणं मी पूर्ण काम मानतो. त्यात पुराव्याइतकाच दावा असतो, आणि पुढच्या अभ्यासकाला आधी आपलं नाव पुसत बसावं लागत नाही.