गुडघ्याला घाई चालत नाही

संपादकांनी 'खेळाडूंच्या दुखापती, सोप्या भाषेत' असा विषय दिला. फिजिओ म्हणून सोपं सांगायचा प्रयत्न करते; पण गेल्या मोसमातला एक गुडघा डोक्यातून जात नाही, म्हणून त्याच्याबद्दलच लिहिते.

कबड्डीतला तरुण चढाईपटू. मॅटवर वळताना बुटाने पकड सोडली नाही, अंग फिरलं आणि एसीएल तुटला. नडगीचं हाड पुढे सरकू न देणारा, गुडघ्याच्या आतला हा अस्थिबंध. शस्त्रक्रिया उत्तम झाली. सहाव्या महिन्यात सूज गेली, गुडघा पूर्ण वाकू लागला. "मॅडम, आता अजिबात दुखत नाही," तो म्हणाला. त्याच्या प्रशिक्षकांनी विचारलं, "एमआरआय क्लीन आहे ना? मग अडवता कशाला?"

दुखणं थांबलं की गुडघा तयार झाला, हा समज मी रोज खोडते आणि तो रोज नव्याने समोर येतो. नवा अस्थिबंध बऱ्याचदा मांडीमागच्या स्नायूचा कंडरा घेऊन बनवतात. बसवल्यावर सुरुवातीचे काही महिने तो उलट कमजोर होत जातो. त्याच्यात रक्तवाहिन्या नव्याने शिराव्या लागतात, तंतूंची रचना बदलावी लागते. हे काम वर्षभर आणि पुढेही चालतं. दुखण्यावरून त्याचा अंदाज येत नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ओस्लो अभ्यासात शंभरावर रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला होता. नवव्या महिन्यापर्यंत खेळणं जितकं लांबवलं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण 51 टक्क्यांनी घटत गेलं. माझा हट्ट आहे तो या आकड्यामुळे.

नुसते महिने मोजूनही भागत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद आणि एका पायावरची लांब उडी, दोन्हींत शस्त्रक्रिया झालेला पाय चांगल्या पायाच्या किमान 90 टक्के भरावा लागतो. या मुलाची उडी टेपने मोजली तेव्हा अंतर जवळपास बसलं. पण उतरताना पाऊल सरळ आणि गुडघा मात्र अंगठ्याच्याही आत कललेला. मोबाइलवर तो क्षण हळू करून दाखवला, तेव्हा तो गप्प झाला. मी लेखी नकार दिला. तरीही पुढच्या स्पर्धेत त्याला उतरवलं गेलं, आणि पूर्वार्धातच तोच गुडघा पुन्हा गेला.

मुलाला मी दोष देत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. घरची सगळी आशा त्याच्या स्पर्धेतल्या कामगिरीवर असते, आणि वय थांबत नाही. मला राग येतो तो त्याच्या आसपासच्या मोठ्या माणसांचा.

प्रेक्षकांना आम्ही फिजिओ दिसतो ते स्प्रे घेऊन धावताना. तो स्प्रे कातडी थोडा वेळ बधिर करतो, बरं काहीच करत नाही. आमचं खरं काम कधीतरीच सर्वांसमोर येतं. 2 जानेवारी 2023 रोजी सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डमार हॅमलिनचं हृदय थांबलं, तेव्हा त्याच्या संघाचे सहायक अॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी मैदानावरच त्याची छाती दाबायला सुरुवात केली. हॅमलिन वाचला, त्याच वर्षी पुन्हा खेळला. हे वाचून मला आमच्या कामाचा अभिमान वाटला. पण एखाद्याला वेळेवर थांबवून वाचवलेला गुडघा कुणाला दिसत नाही, आणि वर्षानुवर्षं तेच करताना थकवा येतो.

कबड्डीत वजनकाट्यावर खेळाडू मर्यादेपेक्षा जास्त भरला, तर त्याला खेळता येत नाही. प्रशिक्षक, पालक, आयोजक सगळे हे मान्य करतात. शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूकडून चाचण्यांचा कागदही तसाच मागावा, आणि त्यावर फिजिओची सही नसेल तर त्याचं नाव यादीत घेऊ नये. प्रशिक्षकाच्या शब्दापुढे आमचा नकार आज टिकत नाही. नियमात आला तर टिकेल.