कोलिस्टिन

चिमूटभर पांढरी भुकटी, काचेची लहानशी कुपी. बाकी बहुतेक इंजेक्शनं मिलिग्रॅममध्ये लिहितात, याला युनिटांत मोजतात. पहिलाच डोस नव्वद लाखांचा. भंडाऱ्याच्या माणसाला हा सहसा साठेक किलोमीटरवरच्या नागपुरात, आयसीयूच्या मुक्कामाचा दुसरा आठवडा लागल्यावर भेटतो. धानाच्या फवारणीत विषबाधा झालेला लाखांदूरचा शेतकरी असो, की गाडीवरून पडून डोक्याला मार लागलेला साकोलीचा तरुण. मूळ दुखणं आवरत आलेलं असतं. तेवढ्यात पुन्हा ताप चढतो. व्हेंटिलेटरच्या नळीवाटे फुप्फुसात दुसरंच कुणी उतरलेलं असतं. कल्चरचा रिपोर्ट म्हणतो, ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जिवाणू. खाली औषधांच्या नावांपुढे ओळीनं ‘आर’, म्हणजे दाद देत नाही; मेरोपेनेमपुढेसुद्धा. मग चिठ्ठीवर कोलिस्टिनचं नाव येतं.

वयानं म्हातारा. जपानमध्ये एका जिवाणूपासून मिळाला, पन्नासच्या दशकाअखेरीस कामाला लागला. पण मूत्रपिंडं दुखावतो म्हणून सत्तरच्या दशकात सौम्य औषधं येताच डॉक्टरांनी त्याला घरी बसवलं. पुढे ती सौम्य औषधंच थकली. २०१०मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी लिहिलं की, मेरोपेनेमच्या घराण्याला, म्हणजे कार्बापेनेमना, न जुमानणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ जणांकडे ही औषधं निकामी करणारं एनडीएम-१ हे जनुक आहे. आज आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीत (तिच्यात आपलं सेवाग्रामही आहे) दहातले आठांहून अधिक ॲसिनेटोबॅक्टर मेरोपेनेमला दाद देत नाहीत. निवृत्ताला परत बोलावणं भाग पडलं.

त्याचं काम आडदांड. अंगावर धन विद्युतभार, जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावर ऋण. हा जाऊन चिकटतो आणि आवरण फाडतो. शिरेतून दिला तर फुप्फुसात मात्र जेमतेम पोचतो. त्याची चाचणीही अवघड, कारण रेणू मोठा. चाचणीच्या चकतीतून तो नीट पसरत नाही. २०२०पासून तर अमेरिकेच्या प्रमाणकांत त्याच्यापुढे ‘एस’, म्हणजे दाद देतो, असं लिहिण्याची सोयच उरली नाही. लागू पडेल अशी ग्वाही त्याच्याबद्दल कुणी देत नाही, आणि तरीही रोग्याच्या घरच्यांची सारी आशा त्याच्यावर असते.

अशा औषधाला आपण काय केलं? कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात कालवलं. २०१५मध्ये चीनमध्ये त्याला निष्प्रभ करणारं, एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारणारं जनुक सापडलं. आपल्याकडे जनावरांसाठी बंदी आली ती जुलै २०१९मध्ये. हा उशीर मला अजून सलतो.

ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या कठड्यावर आठवडेच्या आठवडे तग धरतो आणि पुढच्या खाटेवर जातो तो बहुतेकदा आपल्याच हातांनी. सिस्टरना हात चोळायला अर्धं मिनिट पुरतं. पण एकीनं चार-चार व्हेंटिलेटर सांभाळायचे तर ते अर्धं मिनिट आणायचं कुठून? डोक्याकडची बाजू उचललेली खाट, वेळच्या वेळी पुसलेलं तोंड, नळी एक दिवस आधी काढण्याची घाई: लाखांदूरच्या त्या माणसाला आधी हे मिळायला हवं होतं. आता सिस्टर तासातासाला लघवी मोजतात, मूत्रपिंडं कशी आहेत ते कळावं म्हणून रोज क्रिएटिनिन पाहिलं जातं. ते चढलं की डोस उतरवायचा की डायलिसिस लावून पुढे जायचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं आणि दाराबाहेरच्या बायकोला समजावून सांगायचं.