नारायणगुड्यातील सक्तीची सुट्टी

थंड देशांत अवेळी बर्फ पडले की कचेऱ्या बंद राहतात, असे आपण ऐकतो. हैदराबादेत ते काम पाऊस करतो. तेथील नारायणगुडा ही वस्ती, न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ १९४० साली निघालेल्या शाळेमुळे, मराठी माणसास परकी वाटत नाही. १३ ऑक्टोबर २०२० रोजी, पावसाळा सरत आला असता, बंगालच्या उपसागरातील वादळ काकीनाड्याजवळ किनाऱ्यास लागले आणि रात्रभर शहरावर पाऊस कोसळला. सरकारने दोन दिवस सुट्टी देऊन लोकांस घरीच राहण्यास सांगितले.

पक्क्या घरातील नोकरदारास अशी सुट्टी गोडच वाटते. परंतु त्याच रात्री, त्याच शहरात, भिंत कोसळून घरात झोपलेली माणसे दगावली. त्यांत एक तान्हे मूलही होते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुरात हजारो लोक बुडाले. त्या वेळी अफझलगंज येथील एका चिंचेच्या झाडाने सुमारे दीडशे जीवांना आपल्या फांद्यांवर आसरा दिला.

बंधुभगिनींनो, पावसाने घरी बसविले तर दाराला कडी घालण्यापूर्वी शेजारचे छप्पर शाबूत आहे ना, एवढे पाहावे. मुक्या झाडाला जे साधले, ते प्रभूच्या लेकरांना साधू नये काय?