दोन आकडे

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. लघवीचा त्रास होता म्हणून डॉक्टरांनी पीएसए ही रक्ततपासणी सांगितली. हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. रक्तात वाढलं तर कर्करोगाची शंका घेतात. अमरावतीत आकडा आला ४.६, कागदावर मर्यादा होती ४. झोप उडाली! चार दिवसांनी अकोल्याला धाकट्या भावाकडे गेलो, तिथे पुन्हा रक्त दिलं. आकडा ३.७.

"दादा, कायले चिंता करता? हाच खरा माना," भाऊ म्हणाला. पण मास्तराचं मन ते. एकाच पेपरला दोन गुण कसे?

डॉक्टर म्हणाले, "सर, दोन्ही बरोबर असू शकतात. काही तपासण्या एका कंपनीच्या जुन्या मापावर चालतात, काही जागतिक आरोग्य संघटनेच्या. त्यातच वीस-पंचवीस टक्के फरक पडतो. सहा आठवड्यांनी पुन्हा करू, पण पहिल्याच ठिकाणी."

मला दहावीचे पेपर आठवले. तपासणीआधी नमुना उत्तरं समोर ठेवून आम्ही ठरवायचो, कोणत्या मुद्द्याला किती गुण. तरी नियामक काही पेपर पुन्हा बघायचेच. नाहीतर पोराचा निकाल अभ्यासावर नाही, पेपर कोणाच्या हाती पडला यावर ठरला असता.

पीएसए तर जुनं, ओळखीचं प्रथिन. नव्या खुणा शोधणाऱ्यांचं काय होत असेल? मुलीने माहिती काढून दिली. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये एक संशोधन आलं होतं. रक्तातल्या प्रथिनांच्या ठशावरून अंडाशयाचा कर्करोग ओळखता येतो, असा दावा. केवढी आशा! पुढे संख्याशास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी तपासली, तेव्हा शंका आली की दिसलेला फरक आजाराचा नसून नमुने हाताळण्याचा असावा. रक्त किती वेळ बाहेर राहिलं, कोणत्या नळीत घेतलं, किती वेळा गोठवलं, यानेही प्रथिनं बदलतात. आपल्या वऱ्हाडातला मे महिना आठवा, म्हणजे कळेल!

म्हणून अमेरिकेत आठ प्रयोगशाळांना सारखेच नमुने आणि एकच लेखी पद्धत देऊन प्रथिनं मोजायला लावली. निष्कर्ष २००९ साली छापून आले. पद्धत नीट पाळली तर आकडे बऱ्यापैकी जुळतात, हे दिसलं. नवा शोध नव्हे, नुसती जुळवाजुळव. पण त्याशिवाय शोधावर विश्वास कोण ठेवणार?

सहा आठवड्यांनी माझा आकडा आला ४.५. वाढ नाही. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवू.

असो. आता वहीत आकड्यासोबत तारीख, प्रयोगशाळेचं नाव आणि तपासणीची पद्धतही लिहून ठेवतो. तुम्हीही लिहा.